संग्रहालय नावाचा थांबा

६ एप्रिल

प्रिय गुंड्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत तीन वेळा 'ताई, आता पुरे झालं' असं लिहिलंयस. काय पुरे झालं, ते मात्र कुठेच नाही. एकतीस मेला मी निवृत्त होतेय रे, आजारी पडत नाहीये.

आगाराच्या वसाहतीतली ही खोली जूनअखेर सोडायला लागणार, हे खरं. पण म्हणून मी बिऱ्हाड गुंडाळून तुझ्या मागच्या खोलीत येऊन राहायचं, हे तू परस्पर ठरवून टाकलंस. भिंतींना रंगसुद्धा दिलास. वाचून डोळे भरून आले आणि पुढच्याच ओळीला राग आला. पोपटी? अरे, निदान रंग तरी विचारायचास.

तुझा समज असा, की ताई एकतीस वर्षं परक्या शहरात एकटी कुढत बसलीय. इथल्या सगळ्या बसगाड्या माझ्या पेन्सिलीच्या टोकावर चालतात. सेहेचाळीस मार्ग, दिवसाला नऊशे फेऱ्या. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते ते मला झोपेतून उठवून विचार. आणि हे शहर म्हणजे काय वाटलं तुला? संग्रहालय आहे, कारंजं आहे, तलाव आहे, टेकडीवर वेधशाळा आहे. माणसाला कंटाळायला सवड मिळत नाही.

तर असं कर. भिंगरीला शाळेची सुट्टी लागली की इकडे पाठव. दहा दिवस, दहा सहली, सगळ्या बसने. परत आली की तिलाच विचार. 'आत्या तिथे एकटी पडलीय' असं ती म्हणाली, तर मी निमूट सामान बांधून तुझ्या पोपटी खोलीत येईन. नाही म्हणाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. पंधरा वर्षांच्या मुली खोटं बोलतात, पण कंटाळा लपवू शकत नाहीत. आहे कबूल?

तुझ्या बायकोला माझी आठवण सांग. तिने रंगाला विरोध केला असणार, अशी आशा आहे.

तुझी,
ताई


१० एप्रिल

ती. ताईस,

कबूल. न्यायाधीश भिंगरी. पण ही न्यायाधीश सकाळी नऊच्या आत उठत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिला 'चल' म्हटलं की पाय दुखतात आणि 'बस' म्हटलं की गच्चीवर जाऊन नाचते. मी तिला गेल्या वर्षी धरण दाखवायला स्कूटरवरून नेलं होतं. धरणाकडे पाठ करून ती दीड तास कुत्र्याशी बोलत होती.

तू पाठवलेला दहा दिवसांचा तक्ता काल वेगळ्या पाकिटातून आला. आम्ही तो जेवणाच्या टेबलावर पसरला, तर टेबल संपलं. लाल रेघ म्हणजे जाणारी बस, निळी म्हणजे येणारी, हे कळलं. 'पाणी पिणे, ३ मिनिटे' हेही कळलं. हसायला किती मिनिटं ठेवली आहेस ते सापडलं नाही. बायको म्हणते, ताईंनी चौथ्या दिवशी पाणी शुद्धीकरण केंद्र ठेवलंय, ते का ते विचारा.

रंगाबद्दल: तो पोपटी नाही, फिकट हिरवा आहे. बायकोने विरोध केला होता.

एक खरं सांगू? एकतीस वर्षांत मी तुझ्याकडे दोनदा आलो. दोन्ही वेळा एक दिवस. तुझ्या शहरातलं मी काय पाहिलंय, तर तुझी खोली आणि समोरचं आगाराचं फाटक. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा तू माझ्या शिक्षणासाठी घर सोडून गेलीस, आणि मी असा. हे मला रोज टोचतं. तू इथे आलीस तर मला बरं वाटेल, असं म्हणतो ते त्यासाठी.

चोवीस तारखेच्या गाडीने भिंगरीला बसवून देतो.

तुझा,
गुंड्या

ता. क. पाणी शुद्धीकरण केंद्र का?


२७ एप्रिल

प्रिय गुंड्या,

पाणी शुद्धीकरण केंद्र अशासाठी, की मार्ग बावीसची गाडी वर्षभरात एकदाही उशिरा आलेली नाही. पाहुण्याला आधी चांगलं ते दाखवावं.

भिंगरी सुखरूप पोहोचली. किती उंच झालीय! मला वाकून नमस्कार केला तरी माझ्या डोक्याच्या वरच होती. साडेसहाला उठते. (हो. मी खोलीतला दिवा लावते आणि आगारातून साडेसहाची गाडी भोंगा वाजवून निघते. कुणीही उठेल.)

तीन सहली झाल्या. सगळं ठरल्याबरहुकूम. आज संग्रहालय पाहिलं. फारच सुरेख. एकच मोठं दालन, पण त्यात तलवारी काय, ढाली काय! भिंगरी एका तलवारीपुढून हलायला तयार नव्हती. ती आत्ता माझ्यासमोरच बसून तुला पत्र लिहितेय आणि शाळेत झाकतात तसा हाताने कागद झाकतेय. माझीच भाची.

तुझी,
ताई


२७ एप्रिल

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. आत्याकडे सगळं वेळेवर होतं. तिला घड्याळ लागत नाही, खिडकीतून बस बघून ती चहा उतरवते. काल सात वीसची बस तीन मिनिटं उशिरा आली, तर आमचा चहा कडू झाला.

आज आम्ही संग्रहालय पाहिलं. छान होतं. एकच मोठं दालन होतं आणि त्यात पेंढा भरलेले पक्षी होते. एका गरुडाला एकच डोळा होता. आत्याने मला सगळ्याची माहिती सांगितली. आत्याला इथलं सगळं माहीत आहे. ती अजिबात कंटाळलेली नाही.

आईला सांगा, केसांना तेल लावते आहे. (आत्या लावते.)

तुमची,
भिंगरी


३० एप्रिल

ती. ताईस आणि कु. गरुडास,

दोघींची पत्रं एकाच दिवशी मिळाली. पोस्टमनचे आभार.

तलवारी की पक्षी?

बायकोने तुमची बाजू घेतली. म्हणाली, एका दालनात तलवारी असतील आणि दुसऱ्यात पक्षी. मीही मानायला तयार होतो. पण दोघींनी आवर्जून लिहिलंय, की दालन एकच. आता एकाच दालनात गरुड तलवार घेऊन बसला होता असं म्हणायचं असेल, तर तसं कळवा.

ताई, मला हसू येतंय, पण काळजीही वाटतेय. तुम्ही नक्की जाताय कुठे?

गुंड्या


३ मे

प्रिय बाबा,

हे पत्र आत्या ऑफिसात असताना लिहितेय. तिने दहा दिवस अर्धी रजा घेतली आहे, पण सकाळी तिला जावंच लागतं, कारण तिचं शेवटचं वेळापत्रक महिनाअखेर द्यायचंय. तुमचं पत्र वाचून आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि आत्या म्हणाली, "तुला पक्षीच का सुचले गं? आधी विचारायचंस!"

तर खरं असं आहे. संग्रहालय नाहीच आहे.

मार्ग नऊचा शेवटून दुसरा थांबा संग्रहालय. आम्ही उतरलो तर समोर टायरचं दुकान. मी म्हटलं, असेल मागे. मागे गवत होतं. दुकानातल्या काकू टायरात बसून स्वेटर विणत होत्या. त्या म्हणाल्या, "संग्रहालय? अहो, इमारत खचली म्हणून अकरा वर्षांपूर्वी सगळं हलवलं. थांब्याचं नाव तेवढं राहिलं. कोण बदलणार?" दर सहा महिन्यांनी ते नाव आत्याच लिहिते, बाबा. तिच्या चांगल्या अक्षरात.

आदल्या दिवशी कारंजंही नव्हतं. पण तेव्हा आत्या म्हणाली होती, दुरुस्तीला नेलं असेल.

आणि पहिल्या दिवशी तर गंमतच. तक्त्यात लिहिलं होतं, मार्ग चौदावरून उतरून मार्ग एकतीस पकडणे, ४ मिनिटे. नकाशावर दोन्ही थांबे अगदी चिकटून आहेत. पण एक वर आहे आणि एक खाली, आणि मध्ये शहाण्णव पायऱ्या. मी मोजल्या. आमच्याबरोबर बसमधली सगळी माणसं पळत सुटली. रोज पळतात म्हणे. बस डोळ्यांदेखत गेली. शिवणयंत्र खांद्यावर घेतलेला एक माणूस धापा टाकत ओरडला, "ज्याने हे वेळापत्रक केलं ना, त्याला एकदा या पायऱ्यांवरून पळवा! साहेब गाडीतून फिरत असेल." आत्या म्हणाली, "साहेब नाही. बाई आहे." तो म्हणाला, "तुमच्या ओळखीची आहे?" आत्या म्हणाली, "तोंडओळख आहे." मग तिने पुढची बस येईपर्यंत त्याचं शिवणयंत्र धरून ठेवलं.

टायरच्या दुकानात काकूंनी चहा दिला तेव्हा आत्याने मला सांगितलं. ती कधीच कुठे गेलेली नाही. खोलीच्या समोर आगार, आगाराला लागून बाजार, म्हणून बसची गरजच पडली नाही. दर रविवारी तिला वाटायचं, पुढच्या रविवारी जाऊ. तलाव पाहिला नाही, वेधशाळा पाहिली नाही, काही नाही. सगळं तिला कागदावरूनच माहीत आहे. ती म्हणाली, "तुझ्या बाबाला कळलं तर तो मला पोत्यात घालून घेऊन जाईल." मला खूप वाईट वाटलं. म्हणून मी पक्षी लिहिले.

पण पुढचं ऐका. चौथ्या दिवसापासून आम्ही तक्ता घरीच ठेवतो. जी बस येईल तिच्यात बसतो आणि शेवटपर्यंत जातो. एका शेवटच्या थांब्यावर काचेच्या कारखान्याची मागची बाजू आहे, तिथे फुटक्या रंगीत काचांचा डोंगर आहे. एका ठिकाणी बस वळायला आत्याने सहा मिनिटं दिली आहेत, तिथला चालक त्या वेळात दोन गुलाबांना पाणी घालतो. त्यानेच लावलेत. आत्या त्याला म्हणाली, "आठ मिनिटं करून देऊ का?" पाणी शुद्धीकरण केंद्रसुद्धा चांगलं निघालं, खरंच. आत्या बसमध्ये खिडकीची जागा मला देत नाही. भांडते.

तुम्ही मला विचारणार आहात, आत्या एकटी आहे का. मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला सांगू नका मी सांगितलं ते.

भिंगरी


६ मे

ताई,

भिंगरीने सांगितलं. तिला रागावू नकोस, तिने तुझी बाजू जमेल तेवढी लढवली.

मला पत्र वाचता वाचता हसू आलं आणि मग जेवण गेलं नाही. एकतीस वर्षं, ताई. समोर तलाव असताना तू तलाव पाहिला नाहीस. तुझ्याबरोबर जायला कुणी नव्हतं म्हणून, दुसरं काय? आणि मी इथे बायको-मुलीत बसून तुला वर्षातून दोन पत्रं टाकत होतो. तू माझ्यासाठी गेलीस आणि मी तुला तिथे ठेवून विसरलो.

आता अट नाही आणि न्यायाधीशही नाही. उद्या भिंगरी पोहोचेल. एक जूनला मी टेम्पो घेऊन येतो. खोलीला दुसरा रंग देतो, तू सांगशील तो.

गुंड्या


१० मे

प्रिय गुंड्या,

टेम्पोवाल्याला सांग, दुसरं गिऱ्हाईक बघ.

भिंगरीवर मी रागावलेले नाही. ती गाडीत बसताना रडली आणि मी खिडकीच्या जाळीतून तिचं बोट धरून ठेवलं, तेवढ्यात गाडी दोन मिनिटं आधी सुटली. तक्रार केली आहे.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं, ते माझ्याबद्दल नाही, तुझ्याबद्दल. एकतीस वर्षं तू एक गोष्ट मनात धरून बसलास, आणि मी ती खोडली नाही. कारण त्यात मी फार थोर दिसत होते. आता खोडते. मी तुझ्यासाठी घर सोडलं नाही. तुझं शिक्षण ही सांगायला बरी सबब होती. नोकरीच्या मुलाखतीला मला आगारात आलेखाचा एक कागद दाखवला होता, दाराएवढा. त्यावर शहरातल्या सगळ्या गाड्या रेघांनी धावत होत्या. मला तो इतका आवडला, की घरी येईपर्यंत धीर धरवेना. मला जायचं होतं, म्हणून मी गेले. मी सुखी होते रे. लोक सुट्टीत फिरायला जातात, मी रविवारीसुद्धा त्या कागदाचा विचार करत बसायचे. बरोबर कुणी नव्हतं म्हणून तलाव राहिला, असं नाही. मला तलावाची आठवणच झाली नाही.

एकटी होते का? कधी कधी, हो. ताप आला की, आणि सणसणीत विनोद सुचला आणि सांगायला कुणी नसलं की. पण तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी माझं घर मोडू का? तू प्रेमाने बोलावतोस हे मला कळतं. पण त्या खोलीत मी तुझी चूक होऊन राहीन. रोज सकाळी मला चहा देताना तुला बरं वाटेल, आणि मला तो घशाखाली जाणार नाही.

चूक माझीही आहे, ती वेगळी. त्या पायऱ्यांवर इतकी वर्षं माणसं धापा टाकत पळाली, माझ्या पेन्सिलीमुळे. परवा साहेबांना म्हटलं, चौदा आणि एकतीसमध्ये बारा मिनिटं हवीत. म्हणाले, "बाई, आज काय एकदम?" म्हटलं, "त्या पायऱ्या स्वतः चढून आले." शेवटच्या वेळापत्रकात बारा मिनिटं घातली आहेत. आता दोन गाड्या जास्त लागतील आणि माझ्या निरोपाच्या भाषणात ते मला नक्की ऐकवतील.

राहायचं ठरलंय. टायरवाल्या बाईंच्या दुकानावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. बाई बोलक्या आहेत, जरा जास्तच. खिडकीतून बस दिसते, पण ती सारखी नाही, वीस मिनिटांनी एक. अजून अडतीस मार्गांवर मी शेवटपर्यंत गेलेले नाही. मला त्यांवर जायचंय, गुंड्या. पोपटी खोलीतून ते जमणार नाही.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर लिही.

ताई


१७ मे

ती. ताईस,

तीन दिवस रागावलो होतो. बायको म्हणाली, चौथ्या दिवशी लिहा, नाहीतर ताईंना वाटेल तुम्ही विचार करताय.

म्हणजे शेवटी तू संग्रहालयातच जाणार. मला आधीपासून वाटत होतं, तुझी योग्य जागा तीच.

आता न्यायाधीशाचं ऐक. परवा जेवताना मी मुद्दाम विचारलं, "बोला, आत्या तिथे एकटी आहे की नाही?" मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "आत्या एकटी आहे, बाबा. पण कंटाळलेली नाही. तुम्ही आमच्या सगळ्यांत बसता आणि कंटाळलेले असता." मग भाजी वाढून घेतली आणि जेवू लागली. बायको माझ्याकडे बघायचं टाळत होती. त्यावरून समजलो, की हे घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ताई, तू माझ्यासाठी गेली नाहीस, हे वाचून मला आधी फसवल्यासारखं झालं. मग रात्रभर छान झोप लागली. इतकी वर्षं मी तुझ्याकडे येत नव्हतो ते कामामुळे नव्हे. तुझ्या दारात उभं राहिलं की मला अपराधी वाटायचं. म्हणून एक दिवस यायचो आणि पळायचो. तुला इथे आणली असती, तर मला कधीच तिकडे यावं लागलं नसतं. आता लिहिताना कळतंय, की टेम्पो त्यासाठीच होता. मला माफ कर.

चार जूनच्या गाडीने मी येतोय. टेम्पो नाही, एक पिशवी. दहा दिवस रजा घेतली आहे. बायको आणि भिंगरी म्हणतात, तुम्ही एकटेच जा, आम्हालाही सुट्टी हवी. पिशव्या उचलून तुझं बिऱ्हाड त्या टायरच्या दुकानावर लावून देईन, आणि मग तू म्हणशील तिथे बसने येईन. मला साडेसहाला उठवलंस तरी चालेल. खिडकीची जागा मात्र मी सोडणार नाही.

तुझा,
गुंड्या


२१ मे

प्रिय गुंड्या,

ये.

माफीबिफी काही नाही. खिडकीचं मात्र बघू.

तुझी गाडी पावणेसहाला पोहोचते. स्थानकावर घ्यायला येईन, पण मी पाचलाच जाऊन बाकावर बसणार आहे. कुणाला थांबायला लागू नये म्हणून एकतीस वर्षं रेघा मारल्या. स्वतः मात्र कुणाची वाट बघत बसायची वेळ माझ्यावर भिंगरी आली तेव्हा पहिल्यांदा आली, आणि तेव्हा तिची गाडी नेमकी वेळेवर आली. त्यामुळे तुझ्या गाडीला थोडा उशीर झाला तर होऊ दे. मी बसलेली असेन.

तुझी,
ताई